‘हार्डली’नं काय बिघडवलं

प्रश्न : मी उदगीरजवळच्या एका डाळ मिलच्या ऑफिसात काम करतो. बी.कॉम. झालोय, शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. हिशेब, बिलं, ट्रकची कागदं हे सगळं जमतं. पण बाहेरच्या राज्यातल्या व्यापाऱ्यांना इंग्रजीत मेल लिहायचं काम गेल्या वर्षापासून माझ्याकडं आलंय आणि तिथं मी अडखळतो. मागच्या महिन्यात एका नव्या गिऱ्हाइकाला मी लिहिलं, ‘अवर वर्कर्स वर्क हार्डली अँड वुई पॅक द दाल व्हेरी क्लीन. वुई ओन्ली सेल तूर दाल टू होलसेलर्स.’ त्यावर त्यांचा फोन आला, ‘तुमची माणसं कामच करत नाहीत का?’ मग ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवलेल्या तक्रारीत ‘चेकिंग द ट्रक, टेन बॅग्ज वेअर फाउंड वेट’ असं वाक्य होतं. तेही चूक आहे असं मालकांच्या मुलीनं सांगितलं, पण का ते तिला सांगता आलं नाही. विशेषणाला ‘ली’ लावलं की क्रियाविशेषण होतं, एवढं शाळेत शिकलो होतो. लावलं तरी चुकतं, नाही लावलं तरी चुकतं. शब्द वाक्यात कुठं ठेवायचा हे तर कळतच नाही. नेमकं काय पाठ करू?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : पाठ करण्यासारखं यात फार थोडं आहे, तेवढं आधी उरकून घेऊ.

‘हार्ड’ हा शब्द विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही. ‘हार्ड वर्क’ म्हणजे कष्टाचं काम आणि ‘दे वर्क हार्ड’ म्हणजे ते कष्टानं काम करतात. रूप दोन्हीकडं एकच. ‘हार्डली’चा मात्र कष्टाशी आज काही संबंध उरलेला नाही. त्याचा अर्थ जेमतेम, नावापुरतं, जवळजवळ नाहीच. ‘दे हार्डली वर्क’ म्हणजे ती माणसं कामाला हातच लावत नाहीत. तुमच्या वाक्यात तो शब्द शेवटी आलाय, त्यामुळं वाचणारा क्षणभर घुटमळला असेल, पण अर्थ त्यानं हाच घेतला.

अशा जोड्या मोजक्या आहेत. ‘द ट्रक केम लेट’ म्हणजे ट्रक उशिरा आला, ‘लेटली’ म्हणजे अलीकडं, गेल्या काही दिवसांत. ‘निअर’ म्हणजे जवळ, ‘निअरली’ म्हणजे जवळपास. ‘निअरली टू हंड्रेड बॅग्ज’ म्हणजे दोनशेला थोडी कमी पोती. ‘शॉर्ट’ म्हणजे आखूड किंवा कमी, ‘शॉर्टली’ म्हणजे लवकरच. ‘वुई विल डिस्पॅच शॉर्टली’ असं लिहिलं तर माल लवकर सुटणार आहे असा अर्थ होतो, कमी माल येणार असा नव्हे. ‘हाय’ उंच, ‘हायली’ अतिशय. आणि ‘फास्ट’ला ‘ली’ लागतच नाही. ‘फास्टली’ कितीही ऐकू आलं तरी लिहू नका. जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी एक ‘ए’सारखा स्वर जोडून क्रियाविशेषण करत. पुढं तो स्वर उच्चारातून झडला, म्हणून ‘हार्ड’, ‘फास्ट’ यांची दोन्ही रूपं सारखी दिसायला लागली. ‘ली’ न लावणं ही यांची चूक नाही, हीच त्यांची जुनी घडण आहे.

आता ‘ली’बद्दल. हा प्रत्यय ‘लाइक’ म्हणजे ‘सारखा’ या अर्थाच्या शब्दाच्याच कुळातला. म्हणून ‘फ्रेंडली’ म्हणजे मित्रासारखा, आणि ते विशेषण आहे. यातून एक सोपी परीक्षा मिळते. शब्दाचं ‘ली’ काढून टाका आणि मागं काय उरतं ते बघा. नाम उरलं, जसं ‘फ्रेंड’, ‘कॉस्ट’, ‘टाइम’, ‘लव्ह’, ‘कावर्ड’, तर ‘ली’वाला शब्द विशेषण. विशेषण उरलं, जसं ‘स्लो’, ‘केअरफुल’, ‘नीट’, तर ‘ली’वाला शब्द क्रियाविशेषण. ‘डेली’, ‘वीकली’, ‘मंथली’ हे दोन्ही कामं करतात, ते अपवाद. या परीक्षेचा तुमच्या कामात रोज उपयोग होईल. ‘थँक यू फॉर द टाइमली पेमेंट’ हे बरोबर, कारण ‘टाइमली’ इथं ‘पेमेंट’ या नामाला चिकटलंय. ‘यू पेड टाइमली’ हे चूक, तिथं ‘यू पेड ऑन टाइम’ लागतं. तसंच ‘ही स्पोक फ्रेंडली’ होत नाही, ‘ही स्पोक इन अ फ्रेंडली वे’ असं म्हणावं लागतं.

पाठांतर संपलं. तुमची खरी अडचण मराठीतून येते, आणि ती समजून घेतल्याशिवाय कितीही नियम घोकले तरी मेल लिहिताना हात जुन्या वळणानंच जाईल.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली निघालं, ते इंग्रजी व्याकरणाची चौकट समोर ठेवून. तेव्हापासून विशेषण म्हणजे ॲडजेक्टिव्ह, क्रियाविशेषण म्हणजे ॲडव्हर्ब अशी जोडी आपल्या शाळांत पक्की बसली. नावं जुळली, पण वागणं जुळत नाही. ‘चांगला’ हा एकच शब्द घ्या. ‘चांगला मुलगा’ इथं तो विशेषण आहे. ‘तो चांगला गातो’ इथं तो गाण्याबद्दल सांगतोय, म्हणजे काम क्रियाविशेषणाचं. तरीही ‘ती चांगली गाते’, ‘ते चांगलं गातं’ असं लिंग बदलतंच. मराठी कान या दोन कामांत फरक करत नाही, कारण मराठीला त्याची गरज पडत नाही. म्हणून आपल्या तोंडून ‘शी सिंग्ज गुड’ सहज निघून जातं. इंग्रजीत तिथं ‘वेल’ लागतं. उलट इंग्रजी विशेषण लिंगवचनानं हलत नाही: ‘गुड बॉय’, ‘गुड गर्ल’, ‘गुड बॉइज’. मराठीत नात्याची खूण शब्दाच्या शेपटावर असते, इंग्रजीत शेपूट फारसं नाही, त्यामुळं ते काम जागेवर येऊन पडतं. कोणता शब्द कुणाबद्दल बोलतोय हे तो कुठं बसलाय त्यावरून ठरतं. विशेषण, क्रियाविशेषण आणि त्यांचं काम करणारे शब्दसमूह, म्हणजे इंग्रजीत ज्यांना मिळून मॉडिफायर म्हणतात, त्यांच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

आता ‘वुई पॅक द दाल व्हेरी क्लीन’ बघा. तुमच्या मनातलं मराठी वाक्य होतं, ‘आम्ही डाळ एकदम स्वच्छ पॅक करतो.’ यात स्वच्छ काय आहे? डाळ स्वच्छ आहे, की पॅकिंग? मराठीत दोन्ही एका दमात बोलून जातं. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं. खडे, काडीकचरा, चुरी काढून मगच डाळ भरता असं सांगायचं असेल तर ‘वुई क्लीन द दाल थरोली बिफोर पॅकिंग इट’. शिलाई नीट, पोतं फाटलेलं नाही, वजन बरोबर असं सांगायचं असेल तर ‘वुई पॅक द दाल नीटली’. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या हमी आहेत.

विशेषण की क्रियाविशेषण हा प्रश्न काही क्रियापदांपाशी जास्त छळतो: ‘लुक’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘फील’, ‘साउंड’. त्या क्रियापदाच्या जागी ‘इज’ ठेवून बघा. अर्थ टिकला तर विशेषण वापरा. ‘द दाल स्मेल्स बॅड’, म्हणजे डाळीला वास येतोय. ‘द दाल इज बॅड’ हेही चालतं, म्हणून ‘बॅड’ बरोबर. पण माणूस मुद्दाम वास घेऊन बघत असेल तर ‘ही स्मेल्ड द सॅम्पल केअरफुली’. इथं ‘इज’ बसत नाही, म्हणून ‘ली’. ‘द सॅम्पल लुक्स यलो’ आणि ‘ही लुक्ड ॲट द सॅम्पल क्लोजली’ यांतला फरकही तोच.

आपल्या ‘खूप’नं, किंवा गावाकडच्या ‘लई’नं, फार मोठा गोंधळ घातलाय. लई मोठं पोतं, लई पोती, लई पाऊस, लई आवडलं, लई धावलो, एकच शब्द सगळीकडं चालतो. इंग्रजीत ‘व्हेरी’ फक्त विशेषणाच्या किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाच्या अंगाला लागतं: ‘व्हेरी बिग’, ‘व्हेरी स्लोली’. मोजता येणारं असेल तर ‘मेनी बॅग्ज’. मोजता येत नसेल तर ‘मच रेन’, पण साध्या होकारी वाक्यात ‘अ लॉट ऑफ रेन’ जास्त सहज वाटतं. क्रियापदासाठी ‘व्हेरी मच’, तेही शेवटी: ‘वुई लाइक्ड युवर सॅम्पल व्हेरी मच’. ‘वुई व्हेरी लाइक्ड’ असं कधीच होत नाही. आणि तुलना असेल तर ‘मच बेटर’, ‘व्हेरी बेटर’ नाही. ‘मोअर बेटर’ही नाही, ‘बेटर’मध्ये ‘जास्त’ आधीच आलेलं आहे. ‘टू’ हा शब्द ‘फारच’ म्हणून वापरतात, तोही जपून. ‘युवर रेट इज टू हाय’ म्हणजे दर इतका चढा आहे की आम्हाला परवडत नाही. कौतुकानं ‘युवर दाल इज टू गुड’ लिहिलं तर बाहेरचा माणूस कशासाठी जास्त चांगली, याचा शोध घेत बसेल.

क्रियाविशेषण कुठं ठेवायचं याचा सगळ्यात उपयोगी नियम असा: क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये काही घुसवू नका. ‘वुई सेंट यस्टरडे द सॅम्पल’ चूक, ‘वुई सेंट द सॅम्पल यस्टरडे’ बरोबर. ‘आय स्पीक फ्लुअंटली इंग्लिश’ चूक, ‘आय स्पीक इंग्लिश फ्लुअंटली’ बरोबर. मराठीत कर्म आधी आणि क्रियापद शेवटी असल्यामुळं ‘मी इंग्रजी अस्खलित बोलतो’ म्हणताना क्रियाविशेषण क्रियापदाला खेटून बसतं. तीच सवय इंग्रजीत आणली की ते नेमकं कर्माच्या आड येतं. काळ सांगणारा शब्द वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवा, निश्चिंत राहा.

नेहमी, कधीकधी, कधीच नाही असे वारंवारतेचे शब्द मात्र आत बसतात. साध्या क्रियापदाच्या आधी: ‘वुई ऑल्वेज चेक द मॉइश्चर’. ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ असेल तर त्याच्या नंतर: ‘द रेट इज ऑल्वेज फिक्स्ड बिफोर लोडिंग’. सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायकानंतर: ‘वुई हॅव नेव्हर डिलेड अ पेमेंट’.

आता तुमचं ‘ओन्ली’. इथं जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडं यासाठी एक फार देखणी सोय आहे. आपला ‘च’. ज्याच्यावर जोर द्यायचा त्याच्या शेपटाला तो चिकटवला की काम झालं. ‘आम्हीच डाळ घाऊक व्यापाऱ्यांना विकतो’, ‘आम्ही डाळच घाऊक व्यापाऱ्यांना विकतो’, ‘आम्ही डाळ घाऊक व्यापाऱ्यांनाच विकतो’, शब्दांचा क्रम तसाच ठेवून तीन वेगळे अर्थ. इंग्रजीला चिकटवायला ‘च’ नाही, म्हणून ‘ओन्ली’ हा सुटा शब्द उचलून त्या त्या जागेसमोर न्यावा लागतो. ‘ओन्ली वुई सेल तूर दाल टू होलसेलर्स’ म्हणजे आम्हीच विकतो, दुसरं कुणी नाही. ‘वुई सेल ओन्ली तूर दाल टू होलसेलर्स’ म्हणजे त्यांना तूरडाळच विकतो, हरभराडाळ नाही. ‘वुई सेल तूर दाल ओन्ली टू होलसेलर्स’ म्हणजे घाऊक व्यापाऱ्यांनाच विकतो. तुम्हाला हे शेवटचं म्हणायचं होतं. तुमचं ‘वुई ओन्ली सेल’ बोलताना खपून जातं, कारण आवाजाचा जोर अर्थ सांगतो. इंग्रज लोकही असंच बोलतात. पण मेलला आवाज नसतो, म्हणून लिहिताना ‘ओन्ली’ ज्याच्याबद्दल आहे त्याच्या लगेच आधी ठेवा.

‘आय केम टुडे ओन्ली’, ‘ही इज हिअर ओन्ली’ ही वाक्यं म्हणजे ‘आजच’, ‘इथंच’ यांचं शब्दाला शब्द ठेवून केलेलं इंग्रजी. भारतभर बोलली जातात, पण बाहेरच्या माणसाला कळायला वेळ लागतो. ‘कालच माल पाठवला’ याला ‘वुई सेंट द गुड्ज जस्ट यस्टरडे’ म्हणा. चेकवर रकमेच्या शेवटी ‘ओन्ली’ लिहितात, ती बँकेच्या कागदाची रीत आहे, पुढं कुणी अक्षरं वाढवू नयेत म्हणून. वाक्यात तिचं अनुकरण नको.

‘च’ आणखी एका ठिकाणी कामाला येतो. ‘थोडीच पोती उरलीत’ आणि ‘थोडी पोती उरलीत’ यांतला फरक तुम्हाला न शिकवता कळतो. तोच फरक ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांत आहे. मोजता न येणाऱ्या गोष्टीसाठी ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’. डाळीच्या धंद्यात हा एवढासा ‘अ’ महागात पडू शकतो. ‘देअर इज लिटल मॉइश्चर इन द दाल’ म्हणजे ओलावा नसल्यातच जमा, माल चांगला. ‘देअर इज अ लिटल मॉइश्चर’ म्हणजे थोडा ओलावा आहे बरं का, आणि घेणारा लगेच दर पाडायला बसेल. शंका असेल तर सरळ टक्केवारीचा आकडा लिहा.

लांब विशेषणांचं गणित उलटं आहे. मराठीत सगळं वर्णन नामाच्या आधी रचता येतं: ‘काल मोंढ्यात घेतलेली, अजून न वाळवलेली तूर’. इंग्रजीत एका शब्दाचं विशेषण नामाच्या आधी येतं, पण शब्दसमूह किंवा अख्खं उपवाक्य असेल तर ते नामाच्या मागं जातं: ‘द तूर दॅट वुई बॉट इन द मार्केट यस्टरडे’. मागं जातं म्हणजे नामाला अगदी खेटून, मध्ये दुसरं नाम येता कामा नये. ‘वुई सेंट द बिल टू द ट्रेडर विथ द राँग रेट’ या वाक्यात चुकीचा दर व्यापाऱ्याच्या गळ्यात पडला. ‘वुई सेंट द ट्रेडर द बिल विथ द राँग रेट’ म्हटलं की तो बिलावर आला. ‘समथिंग’, ‘नथिंग’, ‘एनिवन’ यांच्या बाबतीत एका शब्दाचं विशेषणही मागं जातं: ‘समथिंग न्यू’, ‘नथिंग राँग’.

आकड्यांचं विशेषण केलं की एकवचन ठेवायचं. ‘फिफ्टी किलोज बॅग’ नाही, ‘फिफ्टी-किलो बॅग’, मध्ये जोडरेघ. ‘अ थ्री-एकर फील्ड’, ‘अ टेन-डे डिले’ हेही तसंच. पण पोत्यांच्या बाबतीत याहून मोठा धोका आहे. ‘टू हंड्रेड फिफ्टी किलो बॅग्ज’ असं रेघ न देता लिहिलं तर पन्नास किलोची दोनशे पोती, की अडीचशे किलोची पोती? पहिला अर्थ धरला तर १०,००० किलो, म्हणजे १०० क्विंटल, दहा टनांचा माल. दुसरा धरला तर पोती किती हेच वाक्यात राहिलं नाही. ऑर्डरमध्ये विशेषणाच्या मोहात पडूच नका. ‘२०० बॅग्ज ऑफ ५० के.जी. ईच’ असं लिहा.

एकाहून जास्त विशेषणं आली तर क्रम साधारण असा: मत, आकार, वय, रंग, गाव किंवा देश, कशाचं बनलंय. ‘टू स्ट्राँग यंग देवणी बुल्स’, ‘अ ब्यूटिफुल ओल्ड पर्पल सिल्क सारी’. ‘लाल कंधारी’ या गाईबैलांच्या जातीच्या नावात रंग आधी आणि गाव नंतर आहे ना, इंग्रजीतही तोच क्रम. दोनपेक्षा जास्त विशेषणांची वेळ धंद्याच्या पत्रात क्वचितच येते, म्हणून यावर फार वेळ घालवू नका.

‘वुई आर इंटरेस्टिंग इन युवर ऑफर’ असं लिहीत असाल तर ते आजच थांबवा. ‘इंग’वालं विशेषण ज्याच्यामुळं काही वाटतं त्याला लागतं, ‘एड’वालं ज्याला वाटतं त्याला. ऑफर ‘इंटरेस्टिंग’, आपण ‘इंटरेस्टेड’. दर ‘कन्फ्यूजिंग’, आपण ‘कन्फ्यूज्ड’.

राहिला ट्रक. ‘चेकिंग द ट्रक, टेन बॅग्ज वेअर फाउंड वेट.’ मालकांच्या मुलीला चूक जाणवली, पण कारण सांगता आलं नाही, आणि त्यात नवल नाही, कारण मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. ‘ट्रक तपासताना दहा पोती ओली सापडली.’ मराठीतला ‘ताना’ कुणी तपासलं हे सांगायची सक्ती करत नाही; ऐकणारा समजून घेतो. ‘रस्त्यानं चालताना मला कुत्रं चावलं’ यातही चालणारा ‘मी’ आहे हे ‘मला’वरून कळतं, कर्ता कुत्रं असलं तरी. इंग्रजीचा नियम कडक आहे. वाक्याच्या सुरुवातीला ‘चेकिंग’, ‘वॉकिंग’, ‘हॅविंग रीच्ड’ असा तुकडा आला की स्वल्पविरामानंतरचा जो कर्ता, तोच त्या तुकड्याचा कर्ता धरला जातो. म्हणून तुमच्या वाक्यात ट्रक पोत्यांनी तपासला. कुत्र्याच्या वाक्यात रस्त्यानं कुत्रं चाललं होतं. ‘हॅविंग रीच्ड द गोडाउन, द गेट वॉज लॉक्ड’ म्हटलं तर गोदामाला फाटक पोहोचलं.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. एक, स्वल्पविरामानंतर खरा कर्ता आणा: ‘चेकिंग द ट्रक, अवर सुपरवायझर फाउंड टेन वेट बॅग्ज.’ दोन, तुकडा मोडून पूर्ण उपवाक्य करा: ‘व्हेन अवर सुपरवायझर चेक्ड द ट्रक, ही फाउंड टेन वेट बॅग्ज.’ तक्रारीच्या पत्रात दुसरा प्रकार बरा. ट्रक कुणी तपासला हे नाव घेऊन लिहिलेलं असलं की उद्या ट्रान्सपोर्टवाला ‘तपासलं कुणी?’ असं विचारू शकत नाही.

सराव कसा करायचा? नवीन पुस्तक आणू नका. तुम्ही आधी पाठवलेल्या मेलपैकी रोज एक उघडा, पंधरा मिनिटं पुरतात. त्यातल्या प्रत्येक विशेषणाखाली आणि क्रियाविशेषणाखाली, प्रत्येक ‘विथ’वाल्या आणि ‘इंग’वाल्या तुकड्याखाली पेन्सिलनं रेघ ओढा. मग प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारा: हा कुणाबद्दल बोलतोय? आणि त्याच्या शेजारी बसलाय का? शेजारी नसेल तर बाण काढून हलवा. अडलं तर तेच वाक्य मराठीत म्हणा आणि ‘च’, ‘ताना’, ‘लेली’ कुठं येतात ते बघा. मराठीत शेपूट आलं तिथं इंग्रजीत जागेची काळजी घ्यायची आहे, ही खूण धरा. चुकांची वही करा, पण नियम लिहू नका, दुरुस्त केलेली स्वतःची वाक्यं लिहा. पुढच्या मेलला तीच हाताशी येतात.

तुमचा पहिला मेल असा व्हायला हवा होता: ‘अवर वर्कर्स वर्क हार्ड, अँड वुई क्लीन द दाल थरोली बिफोर पॅकिंग इट. वुई सेल तूर दाल ओन्ली टू होलसेलर्स.’

आणि तक्रारीचं वाक्य असं: ‘व्हेन अवर सुपरवायझर चेक्ड द ट्रक ॲट द गेट, ही फाउंड दॅट टेन बॅग्ज वेअर वेट.’ यात ‘ॲट द गेट’ जिथं आहे तिथंच राहू द्या. तो तुकडा वाक्याच्या शेवटी गेला तर ‘टेन बॅग्ज वेअर वेट ॲट द गेट’ असं होईल, आणि पोती तुमच्या फाटकापाशी भिजली असं वाचायला ट्रान्सपोर्टवाल्याला जागा मिळेल. तपासणी फाटकावर झाली, पोती त्याआधीच ओली होती, हे सिद्ध करायचं असेल तर ते तीन शब्द ‘चेक्ड द ट्रक’ला खेटूनच हवेत.